तात्यांचं हातड्रिल आणि माझी एक जुनी बातमी

पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा. विषय साधा आहे, लोखंडाला भोक पाडण्याचा. पण त्यात शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे, आपल्या गावाचा थोडा हिशेब आहे आणि माझी एक चूकही आहे. चूक आधी सांगतो, म्हणजे पुढचं लिहायला मोकळा.

अकरा वर्षांपूर्वी मी आपल्या बाजाररस्त्यावरच्या टपऱ्यांची बातमी केली होती. चार कॉलम, फोटोसह. 'वाहतुकीस अडथळा, प्रशासन सुस्त' असं नेहमीचं हेडिंग. बातमी खोटी नव्हती. एसटी वळायला जागा नव्हती हे खरंच होतं. आठ दिवसांत जेसीबी आला. टपऱ्यांबरोबर तात्या लोहारांच्या मेटाचं पुढचं छप्परही गेलं. मी त्याचीही बातमी केली, 'बातमीचा दणका' म्हणून. पत्रकारितेच्या डिप्लोमाला पहिल्याच महिन्यात शिकवतात की सगळ्या बाजू घ्या. ते छप्पर कुणाचं, त्याखाली काय होतं, हे विचारायला मी गेलो नाही.

त्या छपराखाली बाभळीच्या खांबाला एक हाताने फिरवायचं ड्रिल बसवलेलं होतं. खांब ओढला तसं ते खाली आलं. बीडाची बॉडी तडकली, हँडलचं लाकूड मोडलं. तात्यांनी ते ओढत मागच्या अंगणात नेलं आणि वर ताडपत्रीचा तुकडा टाकला. पुढचे सगळे पावसाळे ते तिथंच होतं.

हे मला कळलं गेल्या दिवाळीनंतर. घरच्या गेटची बिजागरी तुटली म्हणून तात्यांकडं गेलो, तर अंगणात भंगारवाला काटा लावून उभा. पन्नास-साठ किलोचा तो गंजका गोळा बघून मी सहज विचारलं, "तात्या, हे काय हो?" तात्या म्हणाले, "भोकं पाडायचं मशीन हाय. तुमच्या बातमीच्या येळंला पडलं." आवाजात राग नव्हता. त्यामुळंच जास्त लागलं.

भंगारवाल्याला मी थांबवलं. कशासाठी थांबवलं ते तेव्हा मलाही सांगता आलं नसतं.

आता थोडा इतिहास. भोक पाडणं ही माणसाची फार जुनी कला आहे. बलुचिस्तानातल्या मेहरगढला ७,५०० ते ९,००० वर्षांपूर्वीच्या माणसांच्या दाढांना गारगोटीच्या टोकाने पाडलेली भोकं सापडली आहेत. गुजरातेत खंभातला अकीकाचे मणी विंधायला कमानीचं ड्रिल वापरायची परंपरा आहे. धनुकलीची दोरी दांड्याला गुंडाळायची आणि धनुकली पुढंमागं ओढायची. आपल्या सुताराचा जुना सामता म्हणजे हीच युक्ती. गिरमिट तर आमच्या पिढीनेही घरात पाहिलंय.

पण हे सगळं लाकडासाठी आणि दगडासाठी. लोहाराला भोक पाडायचं असेल तर तो ड्रिल कशाला शोधेल? तो लोखंड भट्टीत लालभडक करतो, ऐरणीवर घेतो, वर सुंबा ठेवतो आणि घणाचे दोन-चार घाव घालतो. सुंब्याने पाडलेल्या भोकात माल वाया जात नाही, तो बाजूला सरकतो, त्यामुळं भोकाच्या कडेला ताकद राहते. लहानपणी बाजाराच्या दिवशी रस्त्याकडेला घिसाडी पाल ठोकून बसायचे. नवरा सांडशीनं धरायचा आणि बायको घण मारायची. त्यांच्याकडं ड्रिल मी कधी पाहिलं नाही, आणि त्यांचं काम अडलेलंही पाहिलं नाही.

मग लोहाराच्या मेटात ड्रिल आलं कशामुळं? माझ्या मते याचं उत्तर एका शब्दात आहे: बोल्ट.

जुना नांगर लाकडाचा. त्याला फाळ तेवढा लोखंडी. गाडीचं चाक लाकडी आणि वर लोखंडी धाव. धाव तापवून चढवली आणि पाणी ओतलं की आवळून बसते. यात नटबोल्टाचं काम जवळपास नाही. लोखंडी अवजार आलं आणि चित्र बदललं. ते सुट्ट्या भागांचं असतं. हा भाग त्या भागाला बोल्टनं जोडायचा, झिजला की तेवढाच बदलायचा. त्यासाठी दोन पट्ट्यांची भोकं एकमेकांसमोर अचूक यायला लागतात. इंग्लंडात जोसेफ व्हिटवर्थने १८४१ मध्ये आट्यांचं प्रमाण ठरवून दिलं, त्यानंतर एका कारखान्याचा नट दुसऱ्याच्या बोल्टाला बसू लागला. जगभरचा लोहार तेव्हापासून बोल्टाच्या मागं लागला.

आपल्या भागात ही गोष्ट लांबून आलेली नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईतली शिक्षकाची नोकरी सोडून बेळगावला आले, भावाबरोबर सायकलींचं दुकान चालवलं, मग कडबा कापायचं यंत्र आणि लोखंडी नांगर बनवायला लागले. लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, त्यामुळं सुरुवातीला नांगर खपेना. पुढं बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधच्या राजेसाहेबांनी कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ दिला. १९१० साली तिथं किर्लोस्करवाडी उभी राहिली. नंतर तिकडं सातारा रोडला धनजीशा कूपर यांचा कारखाना झाला. तेही नांगरवालेच. हेच कूपर १९३७ मध्ये मुंबई इलाख्याचे पहिले पंतप्रधान झाले.

म्हणजे आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळात या पट्ट्यातल्या लोहारापुढं एकदम दोन गोष्टी आल्या. एक, लोखंडी नांगराने त्याचं आणि सुताराचं नेहमीचं काम कमी केलं. दोन, त्याच नांगराच्या दुरुस्तीचं नवं काम त्याच्या दारात आणलं. फाळ शेवटणं होतंच, आता पट्टीला भोक पाडणं, बोल्ट बदलणं, तुटलेल्याला जोड देणं आलं. ज्या लोहाराने भोक पाडायची सोय केली तो टिकला. तात्यांच्या आजोबांनी ती केली. घरात सांगतात की त्यांनी हे मशीन मिरजेला रेल्वेच्या एका ठेकेदाराकडून जुनं घेतलं आणि बैलगाडीतून आणलं. वर्षभराच्या बलुत्याचे जोंधळे विकून पैसे भरले. आजी महिनाभर बोलली नव्हती म्हणे.

मशीनवरचा गंज काढल्यावर बीडात उठवलेली अर्धवट अक्षरं दिसली. 'लँकेस्टर' एवढं वाचता आलं. मी लगेच पत्रकारी अंदाज ठोकला की हे इंग्लंडचं, लँकेशायरकडचं. तात्यांचा पुतण्या म्हणाला, "दादा, पुढं पी आणि ए हाय." पी. ए. म्हणजे पेनसिल्व्हेनिया. अमेरिकेतल्या त्या लँकेस्टरला चॅम्पियन ब्लोअर अँड फोर्ज नावाची कंपनी होती. लोहारांसाठी हाताने फिरवायचे भाते आणि खांबाला बसवायची ड्रिलं ही तिची खासियत. तिकडं शेकडो मैल वीज नसलेल्या गावांत असे लोहार होते, त्यांच्यासाठी हा माल निघायचा. विजेचं ड्रिल तेव्हा जगात आलेलं होतं. १८८९ मध्ये मेलबर्नला त्याचं पेटंट निघालं, १८९५ मध्ये जर्मनीच्या फाइन कंपनीने हातात धरायचं ड्रिल केलं. पण वीजच नाही तर ते घेऊन करायचं काय? आपल्याकडं वीज मंडळ झालं १९६० साली, आणि आमच्या गल्लीत तारा त्याच्याही पुष्कळ नंतर आल्या. तोवर तात्यांच्या आजोबांचा आणि वडिलांचा संसार याच हँडलवर चालला.

आता पुतण्याबद्दल. पोरगा आयटीआय झालेला, एमआयडीसीत व्हीएमसी मशीनवर ऑपरेटर. स्क्रीनवर आकडे भरायचे आणि काचेआड मशीन आपोआप भोकं पाडतं. रविवारी सुट्टीला आला आणि चुलत्याचं हे धूड बघून बसला. म्हणाला, "तात्या, उघडून बघू." मी पण बसलो. तसे नऊ रविवार गेले.

कसं केलं ते सांगतो, कुणाला उपयोगी पडेल.

आधी काही ठोकलं नाही. तात्यांची सक्त ताकीद होती. जुना माणूस गंजलेल्या नटाला पान्हा लावायच्या आधी तेल लावतो. डिझेल आणि जळकं ऑइल एकत्र करून सगळ्या सांध्यांत सोडलं आणि आठ दिवस रोज सोडत राहिलो. तरी दोन नट हलेनात. ते गॅसवर तापवले, निवू दिले, परत तेल सोडलं, तिसऱ्या खेपेला करकरत सुटले. पुतण्याने ग्राइंडर काढला होता, तात्यांनी तो ठेवायला लावला. "घासून चकाचक करशील, पर माप जाईल." मग तारेचा ब्रश, घासलेट आणि जुनी चड्डी फाडून केलेल्या चिंध्या.

प्रत्येक फिरत्या भागाच्या वर बीडात एक बारीक भोक होतं. मला वाटलं स्क्रूचं असेल. तात्या हसले. ती तेल घालायची भोकं. घट्ट झालेल्या ग्रीसनं आणि मातीनं बुजलेली. सायकलच्या आऱ्यानं ती कोरून काढली. निम्मं मशीन तिथंच फिरायला लागलं.

तडकलेल्या बॉडीचा प्रश्न मोठा होता. बाहेर विचारलं तर एकानं 'वेल्डिंग मारून देतो' सांगितलं. तात्या म्हणाले, "बीडाला वेल्डिंग मारलं की शेजारनं तडकतंय." बीड ठिसूळ असतं, एकाच जागी एकदम तापवलं आणि गार झालं की ओढ बसते. म्हणून आधी चिरेच्या दोन्ही टोकांना बारीक भोकं पाडली, चीर पुढं सरकू नये म्हणून. मग सगळी बॉडी भट्टीशेजारी सावकाश तापवली, चिरेत पितळ वितळवून बसवलं, आणि राखेत पुरून रात्रभर निवत ठेवली. सकाळी उकरून काढली तेव्हा तिघंही गप्प होतो. तात्यांनी पान्ह्यानं हळूच टिचकी मारून आवाज ऐकला आणि मग चहा सांगितला.

एक खिट्टी हरवली होती. तिचं काम समजलं तेव्हा पुतण्या जागेवरून उठला. झालं असं की हँडल फिरवलं की दोन कामं होतात. आडवं फिरणं बेव्हल गिअरनं उभं होतं आणि बिट फिरतं, हे दिसतंच. पण त्याच दांड्यावर एक उंचवटा आहे. तो प्रत्येक फेऱ्याला एक आडवी पट्टी उचलतो. पट्टीच्या टोकाला ही खिट्टी. ती वरच्या दातेरी चाकाचा एक दात पुढं ढकलते, चाकाच्या पोटातला आट्यांचा दांडा खाली सरकतो आणि बिट लोखंडात दाबलं जातं. नरम पट्टी असेल तर एका फेऱ्याला दोन दात, कडक असेल तर एकच, असं लावून घ्यायचं. पुतण्या म्हणाला, "दादा, हा फीड हाय! आमी प्रोग्रॅममध्ये टाकतो तोच आकडा." शंभर वर्षांपूर्वीच्या लोहाराकडं एकट्यानं काम करायची सोय होती ती अशी. एक हात हँडलवर, दुसरा तेलाच्या डब्यावर, दाब मशीन स्वतः देतं.

खिट्टी बाजारात मिळण्यासारखी नव्हती. तात्यांनी जीपच्या जुन्या पाट्याचा तुकडा घेतला, ठोकून आकार दिला, लाल करून तेलात पाणी दिलं, मग टोक घासून चकचकीत केलं आणि परत मंद तापवलं. पिवळसर रंग सरून जांभळा दिसायला लागला तसं बाजूला केलं. "पिवळ्यावर ठेवली आसती तर दात मोडला आसता," एवढंच बोलले. हँडलला बाभळीचा दांडा केला. खांबही बाभळीचाच, या वेळी आतल्या भिंतीला.

पहिलं भोक मला पाडायला लावलं. नांगराच्या पट्टीला चार सूत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. देशात मेट्रिक येऊन साठ-पासष्ट वर्षं झाली, मेटात अजून सूतच चालतं. पट्टी शिकंज्यात आवळली, हातानं धरायची नाही. पंचाची खूण केली, आधी बारीक भोक, मग मोठं. तीन मिनिटं लागली. विजेचं ड्रिल यापेक्षा लवकर करतं, हे सांगायला पाहिजे. पण ते जाड पट्टीत मोठ्या बिटाला हात मुरगळतं, आणि घाईनं चालवलं तर बिट निळं पडतं. हे सावकाश फिरतं, तेल टाकत राहिलं की बिट गारच राहतं, आणि लोखंडाची साल लांब गुंडाळी होऊन बाहेर येते. स्टीफन मोर्सने १८६३ मध्ये पिळाच्या बिटाचं पेटंट घेतलं ते या सालीला बाहेरची वाट मिळावी म्हणूनच. त्याआधीची चपटी बिटं लोहार स्वतः ठोकायचा.

बिट खालून बाहेर पडायच्या जरा आधी तात्या ओरडले, "खिट्टी उचला!" शेवटच्या पापुद्र्यात मशीन आपोआप दाबत राहिलं तर बिट अडकून मोडतं. तिथं खिट्टी बाजूला करून हलक्या हातानं न्यायचं. ते कळतं कानाला, आवाज बदलतो. आणखी एक युक्ती, बिटाला धार लावताना कोन बरोबर आहे का ते बघायला तात्या दोन षटकोनी नट एकमेकांना चिकटवून धरतात. दोघांमधल्या खाचेत १२० अंशांचा कोन मिळतो, त्यात बिटाचं टोक बसवून बघायचं. पुतण्यानं मोजलं, कारखान्यातलं माप ११८. तात्यांना ११८ माहीत नाही, आणि काही अडलेलंही नाही.

आता हे ड्रिल रोज सगळी कामं करतं असं मी म्हणणार नाही. तात्यांकडं विजेचं ड्रिल आहे, ग्राइंडर आहे, बारीक कामाला तेच लागतं. पण जाड पट्टीची मोठी भोकं आणि लाइट गेल्यावरची सगळी भोकं या मशीनवर होतात. मागच्या मंगळवारी दिवसभर वीज नव्हती. शेजारची दोन फॅब्रिकेशनची दुकानं बंद होती. तात्यांच्या मेटात ट्रॅक्टरच्या कल्टिव्हेटरचे सात फण दुरुस्त होऊन गेले.

दरम्यान हायवेवरच्या एका ढाबेवाल्यानं निरोप पाठवला, आठ हजार देतो, दारात शोभेला ठेवतो. तात्यांनी नाही म्हटलं. मी विचारलं, का? तर म्हणाले, "तिथं त्याला तेल कोण घालणार?"

आता शेवटचं, ज्याला राजकारण म्हणा हवं तर.

केंद्राची विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली. अठरा कारागिरांत लोहार आहे. हत्यारांसाठी १५ हजारांचं व्हाउचर आणि दोन टप्प्यांत तीन लाखांपर्यंत पाच टक्क्यांनी कर्ज. योजना चांगली आहे, आपल्या गावातल्या कारागिरांनी नोंदणी करावी, कागदांसाठी माझी मदत हवी असेल तर जरूर या. पण हत्यार ठेवायला आणि भट्टी पेटवायला जागा लागते, ती व्हाउचरात येत नाही. जुन्या बाजाराच्या जागी आता व्यापारी संकुल होणार अशी चर्चा आहे. नकाशात शटरचे गाळे आहेत. बंद गाळ्यात भट्टी पेटत नाही. घणाचा आवाज शेजारच्या मोबाइल शॉपीला चालत नाही. लोहार, सुतार, कुंभार यांना वर पत्रा आणि दोन बाजू मोकळ्या, एवढी शेड पुरते. ती नकाशात यावी म्हणून मी लेखी अर्ज दिलाय. या वेळी आधी तात्यांना विचारून दिलाय. दुसऱ्या बाजूचं म्हणणंही घेतलंय, रस्ता मोकळा राहिलाच पाहिजे हे त्यांना मान्य आहे. मला पण.

पुण्याला गेलो की केळकर संग्रहालयात जुने दिवे, अडकित्ते आपण पोराबाळांना दाखवतो, दाखवावेतच. पण सगळंच काचेत जायची गरज नाही. काही वस्तूंना फक्त तेल, एक खांब आणि चालवणारा माणूस पाहिजे असतो.

तुमच्या घरी, वाड्यात, गोठ्यात असं जुनं यंत्र पडलं असेल, हातड्रिल, चामड्याचा भाता, शेवया नाहीतर कडबा कापायचं मशीन, तर भंगारवाल्याचा काटा लागायच्या आधी मला एक फोन करा. रविवारी आम्ही तिघं मोकळे असतो. पुतण्या म्हणतोय, पुढचं काम कडबाकुट्टीचं घेऊ.

आणि हो, माझ्या गेटची बिजागरी झाली. भोकं त्याच मशीनवर पाडली. तात्यांनी पैसे घेतले नाहीत, मग मी बळंच खिशात घातले.